कामशेतहून बीरला जाताना पॅराग्लायडिंगसाठी कोणता जीपीएस घ्यावा?

मावळवारा

नमस्कार मंडळी. कामशेतला टॉवर हिल आणि शेलार या दोन टेकड्यांवर मिळून साधारण ४५ तास उड्डाण झालं आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात हिमाचलमधल्या बीर-बिलिंगला जायचं ठरतंय. आजवर फक्त साधा बीप करणारा व्हेरिओ (चढ-उतार सांगणारं यंत्र) वापरला, त्यात जीपीएस नाही. बीरला रिज (डोंगराची धार) सोडून पुढे जायचं तर वाऱ्याचा अंदाज, जमिनीवरचा वेग, लँडिंगपर्यंत पोचतोय की नाही, एवढं तरी समोर दिसायला हवं असं इंस्ट्रक्टरांचं म्हणणं आहे.

आता प्रश्न. फोनवर एक्ससीट्रॅक हे उड्डाणाचं अ‍ॅप टाकलं तर भागेल का, की स्क्रीन-जीपीएस-व्हेरिओ सगळं एकत्र असलेलं स्वतंत्र यंत्र घ्यावं? घरी ट्रेकिंगचा गार्मिन ईट्रेक्स पडून आहे, तो चालेल का? बजेट ४० हजारांच्या आत बसलं तर बरं, पण सुरक्षिततेच्या बाबतीत काटकसर नको. आणखी एक, एकाच टेकऑफवर फोनची जीपीएस उंची आणि व्हेरिओची उंची यांत ६०-७० मीटरचा फरक दिसतो. कोणावर विश्वास ठेवायचा?

सह्यकडा

आधी कानाचा विचार करा, मग डोळ्यांचा. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, तुम्ही विंगकडे, शेजारच्या ग्लायडरकडे आणि डोंगराकडे बघणार. स्क्रीनकडे बघायला दर मिनिटाला दोन-तीन सेकंद मिळाले तरी पुष्कळ. म्हणून जे काही घ्याल त्यातला व्हेरिओ, म्हणजे हवेच्या दाबावरून चढ-उतार ओळखून आवाज करणारा भाग, उत्तम हवा. नकाशा कितीही देखणा असला तरी त्याचा नंबर नंतरचा.

ईट्रेक्सचं उत्तर त्यातच आलं. जीपीएस म्हणून यंत्र चोख आहे, दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं, उन्हात स्पष्ट दिसतं, ट्रॅक नोंदवतं आणि जमिनीवरचा वेग दाखवतं. पण थर्मलचा आवाज त्यात नाही. तुमचा जुना बीप करणारा व्हेरिओ आणि हा ईट्रेक्स अशी जोडी खिशात राखीव म्हणून ठेवा, मुख्य यंत्र म्हणून नको.

फोनबद्दल. एक्ससीट्रॅक अँड्रॉइडवर मोफत मिळतं आणि अतिशय विचारपूर्वक केलेलं आहे. अडचण अ‍ॅपची नाही, फोनची आहे. मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनांत दाबाचा सेन्सर नसतोच. मग अ‍ॅप जीपीएसच्या उंचीवरून चढ काढतं आणि ते दोन-तीन सेकंद मागे पडतं. पॅराग्लायडरचं एक वर्तुळ १५-२० सेकंदांत पुरं होतं. तीन सेकंदांचा उशीर म्हणजे बीप वाजेपर्यंत थर्मलचा गाभा मागे गेलेला असतो आणि तुम्ही चुकीच्या बाजूला वळता. ज्या फोनांत सेन्सर आहे त्यातही तो बंद डब्यात असतो, कॉकपिटच्या (यंत्रं लावायच्या समोरच्या पिशवीच्या) प्लास्टिकखाली वारा घुसला की खोटे बीप देतो.

यावर उपाय म्हणजे वेगळा ब्लूटूथ व्हेरिओ. एक्ससी ट्रेसरसारखे व्हेरिओ दाबाच्या जोडीला त्वरणाचा सेन्सर वापरतात, त्यामुळे हवेने उचललं की जवळजवळ त्याच क्षणी आवाज येतो. हा हार्नेसच्या (बसायच्या झोळीच्या) खांद्याच्या पट्ट्यावर कानाजवळ लावायचा आणि फोनला ब्लूटूथने जोडायचा. इथे बहुतेक नवे लोक एक चूक करतात, दोन्हीकडचा आवाज चालू ठेवतात. फोनचा बीप ब्लूटूथमधून फिरून येतो म्हणून अर्धा-एक सेकंद उशिरा वाजतो आणि डोक्यात गोंधळ होतो. आवाज फक्त व्हेरिओचा, फोन मुका.

आवाजाची मांडणी अशी ठेवा: ०.२ मीटर प्रति सेकंदाच्या वर चढ असेल तरच बीप, आणि उताराचा गजर उणे अडीच ते तीनच्या पलीकडे. शांत हवेत विंग स्वतःच सव्वा मीटर प्रति सेकंदाने उतरत असते. गजर उणे दीडवर ठेवला तर अख्खं ग्लाइड (सरळ तरंगत जाणं) तो कण्हत राहतो आणि खरा सिंक, म्हणजे खाली ढकलणारी हवा, आला तेव्हा तुमचं लक्षच जात नाही.

फोनच घ्यायचा ठरला तर उड्डाणासाठी वेगळा फोन ठेवा, नवा घेण्याची गरज नाही. त्यातले इतर सगळे अ‍ॅप काढून टाका. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अँड्रॉइड मागचं अ‍ॅप बंद करतं, ते एक्ससीट्रॅकपुरतं बंद करा. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, नाहीतर बरोबर टॉप लँडिंगच्या (डोंगरमाथ्यावर उतरण्याच्या) वेळी बँकेचा कॉल पूर्ण स्क्रीन व्यापतो.

लांबउड्डाण

सह्यकडांचं आवाजाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फोनबाबत मात्र मी उलट बाजूने मांडतो, कारण बीरला जाणाऱ्या नवख्यांना सगळ्यात जास्त दगा फोनच देतो.

पहिलं कारण ऊन. फोनला उन्हात वाचता यावं म्हणून उजेड पूर्ण करावा लागतो. त्यात जीपीएस सतत चालू, मोबाइल डेटा चालू आणि वरून पॉवर बँकेने चार्जिंग. चार उष्णता एकत्र आल्या की फोन स्वतःला वाचवायला स्क्रीन मंद करतो आणि मग बंद होतो. ऑक्टोबरात बीरला वर हवा गार असते म्हणून निभावतं, कामशेतला मार्च-एप्रिलच्या दुपारी मात्र तासाभरात हे होतं. काळं कव्हर काढा, फोनची पाठ कॉकपिटला घट्ट चिकटवू नका, मागून हवा जाऊ द्या. बॅटरी निम्म्यावर आल्याशिवाय उडताना चार्जिंग लावू नका.

दुसरं कारण हातमोजे. अडीच हजार मीटरच्या वर बोटं गारठतात, जाड मोजे लागतात आणि टचस्क्रीन ऐकत नाही. बटणांची यंत्रं तिथे बिनचूक चालतात. पोर्तुगालच्या फ्लायमास्टरची, जर्मनीच्या स्कायट्रॅक्सची, स्लोव्हेनियाच्या नॅव्हिटरची यंत्रं याच कामासाठी केलेली आहेत. ऊन जितकं प्रखर तितकं वाचायला सोपं, बॅटरी दिवसभर टिकते, चालू केलं की थेट उड्डाणाचं पान समोर येतं. किमतीला जड आहेत हे खरं. आणि दुरुस्तीला बाहेर पाठवायचं म्हणजे कुरियर, कस्टम आणि सीझनचे दोन महिने गेले. म्हणून असं मॉडेल बघा ज्याचा चार्जिंगचा सॉकेट सर्वसाधारण आहे आणि ज्याची एखादी तरी प्रत आपल्या पायलटांपैकी कोणाकडे आहे. मेनू शिकवायला माणूस लागतो.

मधला मार्ग हवा असेल तर जुना कोबो ई-रीडर आणि त्यावर एक्ससीसोअर हे उड्डाणाचं सॉफ्टवेअर. कागदासारखी स्क्रीन, उन्हात सुंदर दिसते, वीज नगण्य लागते. पण बाहेरचा जीपीएस आणि व्हेरिओ जोडायला वायरिंग आणि सोल्डरिंग करावं लागतं. ज्यांना हात चालवायची हौस आहे त्यांनीच त्या वाटेला जावं.

आता स्क्रीनवर काय ठेवायचं ते सांगतो, कारण निम्मे लोक यंत्र चांगलं घेतात आणि त्यावर पंधरा चौकोन भरून ठेवतात. पहिल्या पानावर पाचच गोष्टी: उंची, १५ सेकंदांचा सरासरी चढ, जमिनीवरचा वेग, वाऱ्याचा बाण आणि ठरवलेल्या लँडिंगला पोचायला लागणारा ग्लाइड. अंक इतके मोठे की हात लांब करून, मान न वाकवता वाचता यावेत. नकाशा दुसऱ्या पानावर. एक्ससीट्रॅकला वर्तुळं सुरू झाली की थर्मलचं पान आपोआप आणायला सांगता येतं, ते जरूर लावा.

यातला जमिनीवरचा वेग जीव वाचवतो, म्हणून थोडं हिशेबात सांगतो. समजा तुमची विंग ताशी ३७ किमी वेगाने जाते आणि शांत हवेत ८ ला १ ग्लाइड देते (१ मीटर उतरताना ८ मीटर पुढे), म्हणजे सेकंदाला साधारण १.३ मीटर उतरते. समोरून २० किमीचा वारा आला की जमिनीवरचा वेग १७ उरतो, उतरणं तेवढंच राहतं. ग्लाइड झालं ३.७ ला १. लँडिंगच्या वर ४०० मीटर उंची असेल तर शांत हवेत ३ किमी २०० मीटर जाल, या वाऱ्यात दीड किमीसुद्धा नाही. डोळ्याला लँडिंग 'समोरच' दिसत असतं. यंत्राचा चौकोन सांगतो की लागणारं ग्लाइड पाच आणि मिळणारं साडेतीन. तो आकडा सलग दोन-तीन वेळा वाढत गेला तर हट्ट सोडायचा आणि त्या लँडिंगच्या अलीकडे जागा शोधायची.

कामशेतलाही हेच. दुपारनंतर पश्चिमेचा जोर वाढतो तेव्हा विंगला काही कळत नाही, ब्रेकवरचा दाब तोच असतो. सोअरिंग करताना (धारेवरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगताना) समोर तोंड करून जमिनीवरचा वेग १५ वरून १०, १० वरून ६ होतो, हीच पहिली खूण. ५ च्या खाली यायची वाट न बघता रिजच्या पुढे निघायचं. मागे पडायला लागल्यावर स्पीड बार (वेग वाढवणारा पायाचा दांडा) शोधणं म्हणजे उशीर झाला.

दाबमापक

उंचीच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. दोन्ही यंत्रं आपापल्या परीने खरं बोलतायत, फक्त वेगवेगळी गोष्ट मोजतायत. तुमच्या ६०-७० मीटरांमागे तीन कारणं असू शकतात.

पहिलं, जिऑइड. जीपीएस मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतो, समुद्रसपाटीपासून नाही. भारताभोवती गुरुत्वाकर्षणामुळे खरी समुद्रसपाटी, म्हणजेच जिऑइड, त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे, आपल्या महाराष्ट्रात ६० मीटरहून अधिक. यंत्राने ही दुरुस्ती केली नसेल तर जीपीएस उंची नकाशापेक्षा तेवढी कमी दिसते. युरोपात हाच फरक उलट दिशेने चाळीस-पन्नास मीटर असतो, त्यामुळे तिकडच्या चर्चा वाचून दुरुस्ती केली तर चूक दुप्पट होते. तपासायला खर्च नाही. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कामशेत किंवा मळवलीला प्लॅटफॉर्मवर उघड्या आकाशाखाली फोन पाच मिनिटं स्थिर धरा. आकडा पाटीपेक्षा साठेक मीटर कमी असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जिऑइडची दुरुस्ती बंद आहे, ती चालू करा.

दुसरं, दिवसाचा दाब. आपल्या अक्षांशावर हवामान स्वच्छ असलं तरी सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो, फरक साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कल. आपल्या उंचीवर एका हेक्टोपास्कलला जवळजवळ ९ मीटर. म्हणजे सकाळी दहाला टेकऑफवर व्हेरिओ जुळवला आणि चारला उतरलात तर तो तुम्हाला २५-३० मीटर जास्त उंचीवर दाखवतो. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे, यंत्राला वाटतं उंची शिल्लक आहे आणि प्रत्यक्षात ती नसते. प्रत्येक टेकऑफच्या आधी पुन्हा जुळवणं हाच उपाय.

तिसरं, उष्णता. दाबाचं यंत्र प्रमाण वातावरण गृहीत धरतं. हवा त्यापेक्षा दर १० अंशांनी गरम असली की उंचीचा फरक साडेतीन-चार टक्के कमी दाखवला जातो. एप्रिलमध्ये कामशेतला हवा प्रमाणापेक्षा २०-२५ अंश गरम असते, तेव्हा खरे १००० मीटर चढलात तर व्हेरिओ ९२० च्या आसपास सांगतो. जीपीएस इथे खरा.

म्हणून कामं वाटून घ्या. थर्मलचा आवाज आणि चढाचा आकडा दाबावरून. लँडिंगला पोचतोय का आणि पुढचा डोंगर ओलांडतोय का, हे दुरुस्त केलेल्या जीपीएस उंचीवरून. हवाई हद्दीची कमाल मर्यादा फ्लाइट लेव्हलमध्ये दिली असेल तर ती मात्र १०१३.२५ हेक्टोपास्कलवर धरलेल्या दाबाच्या उंचीनेच बघायची.

हे सगळं तुमच्या नोंदीतही दिसतं. यंत्राने केलेल्या उड्डाणाच्या नोंदीची आयजीसी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक सेकंदाची एक ओळ असते, वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये जागा सोडून लिहितो:

बी ०८१२३४ १८४५१२३एन ०७३३३४५६ई ए ०११२३ ०११५८

आठ वाजून बारा मिनिटं चौतीस सेकंद, ही जागतिक वेळ. साडेपाच तास मिळवले की आपले दुपारचे १:४२. मग अक्षांश १८ अंश ४५.१२३ मिनिटं, रेखांश ७३ अंश ३३.४५६ मिनिटं. 'ए' म्हणजे उंचीसकट पक्का फिक्स (उपग्रहांवरून ठरलेली जागा). तिथे 'व्ही' दिसलं तर त्या क्षणी उंची भरवशाची नव्हती. त्यानंतरची पहिली उंची दाबाची ११२३, दुसरी जीपीएसची ११५८. पहिली नेहमी १०१३.२५ वरच नोंदली जाते, तुम्ही टेकऑफवर काहीही जुळवलं असलं तरी. ती वेगळी दिसली म्हणून यंत्र बिघडलं असं समजू नका.

वेळेवरून आठवलं: काही जुन्या यंत्रांत वेळेचा फरक पूर्ण तासातच देता येतो. आपला अर्धा तास त्यांना झेपत नाही, घड्याळ कायम तीस मिनिटं चुकीचं राहतं. संध्याकाळच्या उतरण्याच्या वेळा त्यावर ठरवू नका.

मावळवारा

एवढं सविस्तर कोणी समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. स्टेशनच्या पाटीची युक्ती रविवारी करून बघतो. दोन शंका उरल्या. मोठा भाऊ अमेरिकेतून दिवाळीला येतोय. तो म्हणतो गार्मिनचा इनरीच घेऊन येतो, डोंगरात रेंज नसली तरी उपग्रहावरून मदत मागता येते. आणावा का? आणि एका ओळखीच्यांकडे पाच वर्षं वापरलेलं एकत्र यंत्र विकायला आहे, ते घेण्याआधी काय तपासावं?

पवनाकाठ

इनरीचबद्दल स्पष्टच सांगतो. भावाला आजच फोन करून आणू नका म्हणा. इनरीच इरिडियम उपग्रहांवर चालतो, आणि दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र भारतात आणणं, बाळगणं किंवा वापरणं कायद्याने बंद आहे. विमानतळाच्या तपासणीत ते सापडून परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झालेले आहेत. बॅगेतून काढून घेतात एवढ्यावर निभावत नाही. साध्या जीपीएस रिसीव्हरला ही अडचण नाही, तो फक्त ऐकतो. उपग्रहाकडे संदेश पाठवणारं यंत्र हा वेगळा मामला आहे. घड्याळ किंवा हँडहेल्ड घेतानाही त्यात उपग्रह-संदेशाची सोय नाही ना, हे खोक्यावर वाचून घ्या.

मग बीरला काय करायचं? एक्ससीट्रॅकचं लाइव्ह ट्रॅकिंग चालू ठेवा आणि त्याची लिंक खाली बसलेल्या एका माणसाला द्या, गटावर टाकून मोकळं होऊ नका. ते मोबाइल डेटावर चालतं, पुढच्या डोंगररांगेवर बहुतेक ठिकाणी पोचतं, मागच्या खोल दऱ्यांत नाही. म्हणून मागच्या रांगेवर जायचंच नाही, हा नवख्यासाठी नियम. रेडिओवर ठरलेल्या वेळी जागा सांगायची, उदाहरणार्थ दर अर्ध्या तासाने. शोधणाऱ्यांना शेवटची जागा आणि वेळ एवढंच हाती असतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात माणसं खरोखर चुकीच्या डोंगरावर शोधली जातात. तुमचं यंत्र अक्षांश-रेखांश कुठल्या पद्धतीत दाखवतं ते आजच बघा. दाबमापकांनी दिलेलाच आकडा घ्या: १८ अंश ४५.१२३ मिनिटं. दशांशात हे १८.७५२०५ होतं. पण घाईत रेडिओवर कोणी "अठरा, पंचेचाळीस, एकशे तेवीस" सांगितलं आणि ऐकणाऱ्याने फोनच्या नकाशात १८.४५१२३ टाकलं, तर जागा ३३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. रेखांशात तीच चूक झाली तर आणखी २३ किमी पश्चिमेला. कामशेतजवळ पडलेला माणूस लोक सह्याद्री ओलांडून खाली रायगड जिल्ह्यात शोधायला जातील.

म्हणून सगळ्या गटाची यंत्रं दशांश अंशांवर लावा, फोनचे नकाशे तीच पद्धत घेतात. सांगताना "अठरा पूर्णांक सात पाच दोन शून्य" असा एकेक अंक उच्चारा, ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. आधी ओळीने नाव, जागा, दुखापत. ११२ ला फोन लागला तर हेच आकडे, शिवाय जवळच्या गावाचं नाव. झाडावर अडकलात आणि बरे असाल तर तेही लगेच कळवा, नाहीतर वर घिरट्या घालणारे बाकीचे तुमच्यासाठी धोका पत्करतात.

सह्यकडा

वापरलेल्या यंत्राची तपासणी चहाच्या टपरीवर होण्यासारखी आहे, फक्त एक तास द्या.

चालू करून टेबलावर ठेवा. दहा मिनिटं हात लावू नका. चढाचा आकडा शून्याच्या आजूबाजूला ०.१ पर्यंत हलला तर ठीक, ०.३-०.४ च्या उड्या मारत असेल तर सेन्सर गेला आहे किंवा आत धूळ-ओल आहे. त्या दहा मिनिटांत उंची तीनेक मीटरपेक्षा जास्त सरकू नये. मग यंत्र गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सावकाश उचला. सव्वा-दीड मीटरचा फरक उंचीत दिसला पाहिजे आणि उचलायला लागताक्षणी बीप आला पाहिजे. नंतर पाच मजल्यांची इमारत शोधा, लिफ्टने वर जा. साधारण १५ मीटर. हा आवाज लिफ्टच्या दरवाजाबरोबर थांबला तर उत्तम, थांबल्यावरही दोन सेकंद वाजत राहिला तर त्यातली गाळणी (आकडे स्थिर करणारा फिल्टर) फार मंद आहे, तिचं सेटिंग शोधा. पंख्याच्या झोतात धरूनही बघा. वाऱ्याने खोटे बीप आले तर दाबाच्या छिद्रावरचा फोम झिजला आहे. तो स्वस्त आहे, बदलता येतो, त्यावरून सौदा मोडू नका.

बॅटरी पूर्ण चार्ज करून जीपीएस आणि आवाज चालू ठेवून बंद पडेपर्यंतची वेळ मोजा. पाच वर्षांत निम्मी उरलेली असू शकते. खोक्याची पाठ फुगलेली दिसली, बटणं वर आलेली दिसली, तर हातही लावू नका. लिथियमची फुगलेली बॅटरी छातीसमोर बांधून उडायची नसते. शेवटी विकणाऱ्याकडून अलीकडची एक आयजीसी फाइल मागा आणि 'व्ही'च्या ओळी शोधा. उड्डाणाच्या मध्यावर त्या वारंवार येत असतील तर अँटेना कमकुवत आहे.

आणि रेडिओचं बटण दाबून बघा. यंत्राजवळ रेडिओ धरून प्रसारण केलं की काही व्हेरिओ पिसाळल्यासारखे वाजतात. तसं झालं तर रेडिओ दुसऱ्या बाजूच्या खिशात, हातभर अंतरावर.

लांबउड्डाण

निघण्याआधीच्या तयारीचं राहिलं. नकाशे आणि उंचसखलपणाची फाइल घरच्या वायफायवर उतरवून घ्या, बीरला डेटा हळू असतो. तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी यंत्र लँडिंगच्या मैदानात उघड्यावर चालू करून पंधरा मिनिटं राहू द्या. पुण्यात बंद केलेला रिसीव्हर हिमाचलमध्ये उघडला की त्याच्याकडची उपग्रहांची यादी जुनी असते, ती पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. टेकऑफवर रांगेत उभं राहून हे करू नये.

लँडिंगची मैदानं स्थानिक पायलटांकडून विचारून बिंदू म्हणून भरा: बीरचं मुख्य, आणि पालमपूरच्या दिशेने जायचं असेल तर वाटेतली दोन-तीन तरी. बिलिंगचा टेकऑफ सुमारे २४०० मीटरवर आहे आणि बीर त्याच्या जवळजवळ हजार मीटर खाली, त्यामुळे सुरुवातीला उंचीची चैन वाटते. रिजच्या खाचेत शिरलात की ती झपाट्याने संपते. जमिनीपासूनची उंची दाखवणाऱ्या चौकोनावर डोंगराजवळ विसंबू नका. तो आकडा ज्या उंचीच्या जाळीतून येतो तिच्यात एकेक खण तीस किंवा नव्वद मीटरचा असतो, अरुंद धार किंवा घळ त्यात बुजून जाते.

तारांचंही तसंच. आपल्या मावळात उच्चदाबाच्या लाइनी भरपूर आहेत आणि कुठल्याच नकाशात सगळ्या नसतात. ओपनएअर ही हवाई हद्दींची फाइल साधी मजकुराची असते: नाव, तळ, माथा आणि कोपऱ्यांचे बिंदू. त्यात तारेच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटरची पट्टी स्वतः आखा, तळ जमीन, माथा जमिनीपासून दीडशे मीटर. यंत्र तिला हद्द समजून जवळ गेलात की ओरडतं. खऱ्या हद्दी मात्र कोणाकडून आलेल्या फाइलवर सोडू नका. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे. कामशेतवरून पूर्वेला जायचा विचार आला तर त्या दिवशीची मर्यादा पॅराग्लायडिंग शाळेकडून तोंडी विचारायची. फाइलमध्ये उंची फुटांत असते आणि तुमची स्क्रीन मीटरमध्ये, हेही डोक्यात असू द्या.

तुमच्या बजेटला माझं मत: जुनं यंत्र सह्यकडांच्या परीक्षेत पास झालं तर तेच घ्या, आणि फोन लाइव्ह ट्रॅकिंगसाठी खिशात. नापास झालं तर ब्लूटूथ व्हेरिओ आणि फोन. काहीही घेतलंत तरी बीरच्या आधी कामशेतला किमान दहा उड्डाणं त्याच मांडणीवर करा.

मावळवारा

ठरलं, शनिवारी लिफ्टची परीक्षा. शेवटचं एक, कॉकपिटवर बसवताना काय काळजी घ्यायची? माझा रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) समोरच्या खोक्यात आहे.

पवनाकाठ

समोरचा रिझर्व्ह असेल तर कॉकपिट त्याच खोक्यावर बसतं, म्हणून आधी रिझर्व्हचा हँडल मोकळा आहे ना ते बघा. हार्नेस टांगून, यंत्र लावून, डोळे मिटून हँडलला हात घालून बघा. वाटेत काहीही आलं तर जागा बदला. रिझर्व्ह प्रत्यक्ष खेचून बघायचा असेल तर शाळेत, पुन्हा घडी घालून देणारा माणूस समोर असताना.

यंत्राला वेल्क्रो आणि वेगळी दोरी, दोन्ही हवं. वेल्क्रोवर धूळ बसली की पकड जाते, दर सीझनला नवी पट्टी लावा. दोरी वीतभरच ठेवा, हात लांब केला तर विंगच्या दोऱ्यांपर्यंत पोचेल एवढी लांब नको. पॉवर बँक कॉकपिटच्या आत, केबल काटकोनी टोकाची आणि यंत्राजवळ टेपने चिकटवलेली, कारण सरळ टोक टेकऑफच्या धावेत हमखास निसटतं. आणि ती पॉवर बँक विमानाने नेताना हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात दिली तर बॅग अडवतात. २०,००० मिलीअँपिअर-तासाची म्हणजे ७४ वॉट-तास, १०० च्या आत बसते.